पहिल्यांदाच कोच घेताय? आधी एवढं बघा

नोकरी-करिअरसाठी पहिल्यांदा कोच घेताना काय बघावं, हे विचारलंत ते बरं केलंत. मी सहा वर्षं कोचबरोबर काम करतोय, त्यातलं सुरुवातीला खरंच लागतं तेवढंच सांगतो.

कोच म्हणजे मेंटॉर नव्हे. मेंटॉर स्वतःच्या अनुभवातून वाट दाखवतो. कोच प्रश्न विचारून उत्तर तुमच्याकडूनच काढून घेतो. पहिल्या दोन सेशनला मी "नोकरी बदलू का?" एवढंच विचारत राहिलो आणि वैतागलो. तिसऱ्या वेळी कोच म्हणाल्या, "नोकरी नकोय की हे काम नकोय?" आठवडाभर तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. शेवटी विभाग बदलून घेतला, कंपनी तीच राहिली.

- एकच मुद्दा घेऊन जा. पगारवाढ, आत्मविश्वास, घर-ऑफिस सगळं एकदम नको.
- निघताना पुढच्या भेटीपर्यंत करायची एक गोष्ट तारखेसह लिहा. खरं काम दोन सेशनच्या मधल्या दिवसांत होतं आणि बहुतेक नवखे तिथेच ढिले पडतात.
- स्वतःला कोच कोणीही म्हणवून घेऊ शकतं, म्हणून प्रशिक्षण विचारा. कोचना प्रमाणपत्र देणाऱ्या इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन या संस्थेच्या एसीसी या पहिल्या पातळीच्या प्रमाणपत्राला किमान १०० तास कोचिंगचा अनुभव लागतो, पीसीसी या पुढच्या पातळीला ५००.
- पैसे कंपनी भरणार असेल, तर साहेबांपर्यंत काय पोचणार ते आधीच ठरवून घ्या.

झोप उडाली असेल, सतत उदास वाटत असेल, तर आधी डॉक्टर किंवा समुपदेशक गाठा. ते काम कोचचं नाही.

ग्रो मॉडेल (कोचिंगच्या संभाषणाचा एक ठरलेला साचा), व्यक्तिमत्त्व चाचण्या वगैरे सध्या बाजूला ठेवा. ओळखीची पहिली भेट बरेच जण मोफत देतात. दोघातिघांशी बोला, मग ठरवा.