रेघ की रेषा, सावली की छाया?

बरोक काळातल्या (म्हणजे साधारण सतराव्या शतकातल्या युरोपातल्या) शाईच्या व्यक्तिचित्रांवर मराठीत लिहिताना ‘लाइन’ला रेघ म्हणायचं की रेषा, आणि ‘शॅडो’ला सावली की छाया, असं विचारलं आहे. चारही शब्द लागतील, फक्त आपापल्या जागी.

रेघ ओढतात, मारतात, रेषा काढतात. दुरेघी वहीत रेघा असतात, तळहातावर मात्र रेषा. टाकाने भराभर ओढलेल्या, एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या असतील तर त्या रेघाच. नाकाची, जिवणीची कड सांगते ती रेषा. ‘रेषेवर हुकूमत’ म्हणतो आपण, रेघेवर कुणाची हुकूमत ऐकलेली नाही.

सावली दुसऱ्या कशावर तरी पडते. टोपीच्या काठाची कपाळावर पडली ती सावली (पडछायाही चालेल, जरा पुस्तकी). गालाची जी बाजू उजेडाकडे पाठ करून असते, तिथे असते ती छाया. म्हणूनच चित्रकलेच्या वर्गात छायाप्रकाश शिकवतात. ‘सावलीप्रकाश’ लिहिलंत तर मास्तर हसतील.

आता खरी पंचाईत. 1654च्या सुमारास डच चित्रकार रेम्ब्राँने झोपलेल्या एका तरुणीचं चित्र काढलं. ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, आणि ती त्याची जोडीदार हेन्ड्रिक्ये स्टॉफेल्स असावी असं मानतात. त्यात टाकाचं काम नाहीच. सगळं कुंचल्याने, तपकिरी शाईत. अंगावरच्या कपड्याचा एकेक रुंद फटका बघा: तोच कापडाची कड, तोच घडीतली छाया. कुंचला कोरडा पडला तिथे मधूनमधून कागद डोकावतो. याला रेघ म्हटलं तर किरकोळ वाटतं आणि रेषा म्हटलं तर फार रेखीव. आपल्याकडे नेमका शब्द आहे, तो वापरा: फटकारा.

याच रेम्ब्राँने 1656च्या आसपास मुघल लघुचित्रांवरून रेखाटनं केली, त्यांत शाहजहानही आहे. मूळ मुघल चित्रांत माणसांची सावली सहसा पडतच नाही, आणि यानेही बारीक रेषा जपून पातळ शाईचा हात तेवढा फिरवला. तिथे ‘रेषा आणि छटा’ लिहा.

त्या पातळ शाईच्या हाताला चित्रकार वॉश म्हणतात. तो वॉशच राहू द्या, ‘धावन’ वगैरे नको.