हिरवे स्फटिक तपकिरी पडले, तर बाटली टाकायची का?

प्रश्न : मॅडम, मी कॉलेजच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत साहाय्यक आहे. फेरस सल्फेटचे हिरवे स्फटिक बाटलीत वरच्या बाजूने पिवळट-तपकिरी झाले आहेत आणि द्रावण गढूळ होतं. त्याच कपाटातलं मोहर सॉल्ट मात्र अजून छान हिरवं आहे. असं का? आणि ही बाटली टाकून द्यावी का?

उत्तर : टाकू नका. पण अनुमापनासाठी, म्हणजे द्रावण मोजून घालत तीव्रता काढण्यासाठी, तिला आता हात लावू नका.

दोन्ही क्षारांचा हिरवा रंग फेरस लोहाचा (Fe²⁺) आहे. दमट हवा लागली की त्यातलं काही लोह ऑक्सिजनमुळे फेरिक (Fe³⁺) होतं आणि तपकिरी थर धरतो. हवा अगदी कोरडी असेल, तर फेरस सल्फेट स्फटिकातलं पाणी सोडून पांढुरकं पडतं. म्हणजे आपलं जुनं हिराकस दोन्ही बाजूंनी अडचणीत! मोहर सॉल्ट म्हणजे फेरस अमोनियम सल्फेट. जर्मन रसायनशास्त्रज्ञ कार्ल फ्रीड्रिख मोहर (1806–1879) यांच्या नावाने ते ओळखलं जातं. या दुहेरी क्षाराचे स्फटिक हवेला सहज दाद देत नाहीत. द्रावणातही अमोनियममुळे किंचित आम्लता राहते, आणि आम्लात फेरसचं ऑक्सिडीकरण मंदावतं. म्हणून अचूक वजन करून प्रमाण द्रावण (नेमक्या तीव्रतेचं द्रावण) करायचं, तर मी नेहमी मोहर सॉल्टच घ्यायला सांगते.

त्याचं आणखी एक वैशिष्ट्य मला फार आवडतं. त्याचं रेणुभार 392 आणि त्यात लोह 56, म्हणजे बरोबर सातवा हिस्सा. सात ग्रॅम क्षारात एक ग्रॅम लोह. विद्यार्थ्याला हे एकदा सांगितलं की त्याचं उत्तर कुठे चुकलंय ते त्याचं त्यालाच दिसतं.

द्रावण गढूळ होतं ते बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे. क्षार आधी साध्या पाण्यात टाकला की फेरिक झालेलं लोह पाण्याशी क्रिया करून तपकिरी गाळ देतं. 250 मिलिलिटर दशांश मोलर (लिटरमागे 0.1 मोल) द्रावणासाठी 9.80 ग्रॅम मोहर सॉल्ट तोला. चंचुपात्रात आधी विरल सल्फ्युरिक आम्ल घ्या, त्यात स्फटिक घाला आणि न तापवता ढवळा. मग उकळून गार केलेल्या डिस्टिल्ड वॉटरने खुणेपर्यंत भरा. उकळण्याने पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन निघून जातो. विरल आम्ल करताना पाण्यात आम्ल थेंब-थेंब सोडायचं, आम्लात पाणी कधीही नाही. हे द्रावण त्याच दिवशी वापरा. कालचं द्रावण दिसायला स्वच्छ असलं तरी मी त्यावर विसंबत नाही.

आम्ल सल्फ्युरिकच का, हेही विद्यार्थ्यांना जरूर सांगा. हायड्रोक्लोरिक घेतलं तर अनुमापनात फेरसवर सोडायचं पोटॅशियम परमँगनेट त्यातल्या क्लोराइडवरही खर्च होतं आणि ब्युरेटचं (ते मोजून सोडणाऱ्या नळीचं) वाचन वाढतं. नायट्रिक घेतलं तर ते स्वतःच फेरसचं फेरिक करतं, मग वाचन कमी येतं.

आता तुमची तपकिरी बाटली. चिमूटभर स्फटिक विरल आम्लात विरघळवा आणि पोटॅशियम थायोसायनेटचे दोन थेंब टाका. रक्तासारखा लाल रंग आला की फेरिक बरंच झालंय असं समजा. आम्लयुक्त द्रावणात स्वच्छ लोखंडी खिळा ठेवला, तर फेरिक पुन्हा फेरस होतं. मात्र खिळ्यातलंही लोह द्रावणात उतरतं, त्यामुळे तीव्रता माहीत राहत नाही. असं द्रावण गुणात्मक चाचण्यांना, म्हणजे पदार्थ आहे की नाही एवढंच पाहायला, चालेल. खिळा असेपर्यंत बूच घट्ट लावू नका, कारण आम्लातून हायड्रोजन निघत राहतो.

प्रश्न : फेरस सल्फेट तापवण्याच्या प्रयोगात तिखट वास येतो. घाबरण्यासारखं आहे का?

उत्तर : काळजी घेण्यासारखं नक्की आहे. आधी पाणी जाऊन पांढरी भुकटी उरते, मग तांबूस-तपकिरी फेरिक ऑक्साइड तयार होतं आणि सल्फर डायऑक्साइड व सल्फर ट्रायऑक्साइड बाहेर पडतात. दमा असलेल्या विद्यार्थ्याला तर हे वायू मुळीच सोसत नाहीत. क्षार चिमूटभरच घ्या, प्रयोग फ्यूम हूडमध्ये (वायू बाहेर ओढणाऱ्या कपाटात) करा. परीक्षानळीचं तोंड कुणाच्याही दिशेला नको आणि किंचित खाली कललेलं असू द्या, नाहीतर थंड तोंडाशी जमलेलं पाणी मागे ओघळून तापलेली काच तडकते. वास थेट घ्यायचा नाही. वायू ओळखायला ओला निळा लिटमस कागद पुरे. चष्मा आणि हातमोजे हवेतच. डोळ्यात कण गेला तर निदान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा आणि डॉक्टरांकडे न्या.

प्रश्न : रक्तवाढीच्या गोळ्यांमध्येही फेरस सल्फेट असतं. मग प्रयोगशाळेतलं चुकून पोटात गेलं तर काय बिघडतं?

उत्तर : खूप बिघडू शकतं. प्रयोगशाळेतला क्षार औषधाच्या शुद्धतेचा नसतो, शिवाय मात्रा हाच मोठा धोका आहे. शरीराच्या दर किलो वजनामागे 60 मिलिग्रॅमपेक्षा जास्त लोह पोटात गेलं तर जिवावर बेतू शकतं. या स्फटिकांत सुमारे 20 टक्के लोह असतं. म्हणजे दहा किलोच्या बाळाला अवघे तीन ग्रॅम पुरे. उलट्या-जुलाब होऊन काही तासांनी मूल बरं वाटू लागतं, त्या वेळी गाफील राहू नका, खरी इजा त्यानंतर दिसते. उलटी करवू नका. बाटली किंवा गोळ्यांचं पाकीट बरोबर घेऊन लगेच रुग्णालय गाठा. घरातल्या लोहाच्या गोळ्यांनाही हेच लागू आहे, त्या मुलांच्या हाताला लागतील अशा ठेवू नका.

प्रश्न : ॲप्रनवर पडलेले गंजासारखे डाग कसे काढावेत?

उत्तर : ब्लीच लावू नका. त्याने फेरसचं फेरिक होऊन डाग आणखी पक्का बसतो, आणि कापडावर आम्ल राहिलं असेल तर विषारी क्लोरीन वायू निघतो. डाग आधी भरपूर पाण्याने धुवा, मग सायट्रिक आम्लाच्या द्रावणात भिजवून पुन्हा खळबळून घ्या. डाग ताजा असतानाच हे करा.