व्यसनमुक्तीचे उपचार घेणाऱ्या रुग्णाला वेदनाशामक उपचार नाकारणे योग्य आहे का?

आपल्या प्रश्नावरून असे दिसते की आपले बंधू हेरॉइनचे व्यसन सुटावे म्हणून ओएसटी केंद्रात (हेरॉइनऐवजी डॉक्टरांच्या देखरेखीखाली पर्यायी औषध देणाऱ्या केंद्रात) रोज ब्युप्रेनॉर्फिन या पर्यायी औषधाची गोळी जिभेखाली घेतात, कमरेच्या जुन्या दुखण्याने त्यांना झोप लागत नाही, आणि ‘आधी ती गोळी बंद करा, मग कमरेचे पाहू’ असे त्यांना सांगण्यात आले आहे. मी वेदनाचिकित्सा विभागात काम करणारा डॉक्टर आहे. तपासल्याशिवाय औषध सुचवणार नाही. पण ही अट चुकीची आहे, हे निःसंदिग्धपणे लिहितो.

गोळी अचानक थांबवली तर अंगदुखी, जुलाब आणि अस्वस्थता सुरू होते, मूळ वेदना वाढते आणि रुग्ण पुन्हा हेरॉइनकडे वळण्याची शक्यता बळावते. त्यातही धोक्याची गोष्ट अशी, की मधल्या काळात शरीराची सवय मोडलेली असल्यामुळे पूर्वीच्याच मात्रेने श्वास बंद पडून मृत्यू येऊ शकतो. शिवाय ब्युप्रेनॉर्फिन स्वतः वेदनाशामक आहे. तलफ ते दिवसभर आवरते, वेदनेवरचा परिणाम मात्र साधारण ६ ते ८ तासच टिकतो. म्हणून तीच मात्रा विभागून दिल्यास अनेकांना आराम पडतो. केंद्रात गोळी समोर बसवून दिली जात असल्याने हे जमवणे कठीण जाते, तरी तेथील डॉक्टरांशी बोलून पाहावे.

अशा रुग्णांबद्दल अनेकदा मारला जाणारा ‘हा दुखणे वाढवून सांगतो’ हा शेराही तपासून घ्यायला हवा, कारण दीर्घकाळ हेरॉइनसारखे अफूवर्गीय पदार्थ घेतलेल्यांना तीच वेदना अधिक तीव्र जाणवू शकते. (दर शनिवारी भरपूर मद्य घेणाऱ्या पांढरपेशा रुग्णावर असा संशय क्वचितच घेतला जातो.)

समान उपचार म्हणजे मागेल ती गोळी देणे नव्हे. जुन्या कंबरदुखीत ट्रॅमाडॉलसारखी अफूवर्गीय वेदनाशामके कोणासाठीच पहिला पर्याय नसतात. नियमित व्यायाम, फिजिओथेरपी आणि गरजेनुसार ड्युलॉक्सेटीन (नैराश्यावरचे, पण जुन्या वेदनेतही वापरले जाणारे औषध) यांचा विचार आधी होतो, तो आपल्या बंधूंसाठीही व्हावा. प्रीगॅबालिन (मज्जातंतूंच्या वेदनेवरचे औषध) किंवा झोपेच्या गोळ्या मात्र ब्युप्रेनॉर्फिनसोबत श्वसन मंदावू शकतात, त्यामुळे त्या स्वतःहून घेऊ नयेत.

कायदाही आपल्या बाजूचा आहे. मानसिक आरोग्यविषयक २०१७च्या कायद्यात मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश आहे, आणि कलम २१ नुसार अशा रुग्णांना शारीरिक आजाराच्या रुग्णांच्या बरोबरीनेच आरोग्यसेवा मिळाली पाहिजे. अमली पदार्थविरोधी कायद्याची धास्ती डॉक्टरांना असते आणि ती मी समजू शकतो. परंतु धास्ती वाटत असेल तर रुग्णाला चिठ्ठी देऊन योग्य ठिकाणी पाठवावे, दारातून परत पाठवू नये.

केंद्राकडून सध्याची मात्रा लिहून घ्यावी आणि तो कागद प्रत्येक डॉक्टरांना दाखवावा. पुढे शस्त्रक्रियेची वेळ आलीच, तर भूलतज्ज्ञांना आधीच कळवावे. ही गोळी सहसा चालू ठेवूनच वरून वेदनाशामके दिली जातात.