लोंबत्या फांद्यांची चंदेरी नासपाती जतला येईल का?

प्रश्न : मुलगी इंग्लंडला असते. तिने एका झाडाचा फोटो पाठवलाय. पानं चंदेरी, फांद्या पार जमिनीपर्यंत लोंबलेल्या. 'वीपिंग पेअर' म्हणजे नासपातीचाच प्रकार, असं ती सांगते. आपल्या जतला सफरचंद लागलं, मग हे झाड अंगणात येईल का? मे महिन्यात येताना ती कलमाला फांद्या आणते म्हणते. (जत तालुक्यातील एक ताई. पाचगणीच्या एका दादांनीही हेच झाड विचारलं आहे. त्यांना रोपवाटिकेत 'थंड हवेचं झाड' म्हणून रोप मिळतंय.)

उत्तर : ताई, आधी मुलीला फोन करा आणि फांद्या आणू नकोस म्हणून सांगा. युरोपात नासपाती-सफरचंदावर फायर ब्लाइट नावाचा जिवाणूजन्य रोग आहे. कोवळा शेंडा होरपळल्यासारखा काळा पडतो आणि छत्रीच्या मुठीसारखा वाकतो. वरून निरोगी दिसणाऱ्या काडीतही तो जिवाणू असू शकतो. 2003 च्या वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) आदेशाप्रमाणे परदेशातून रोपं किंवा कलमकाड्या आणायच्या तर आयात परवाना आणि तिकडचा वनस्पती आरोग्य दाखला लागतो. बॅगेत गुंडाळून आणलेली एक काडी काश्मीर-हिमाचलच्या बागायतदारांच्या मुळावर येऊ शकते.

आता झाडाविषयी. हे मूळचं तुर्कस्तान, कॉकेशस आणि उत्तर इराणकडचं. शास्त्रीय नाव पायरस सॅलिसिफोलिया, म्हणजे वाळुंजासारख्या पानांची नासपाती. ओढ्याकाठचा वाळुंज ज्यांनी पाहिलाय त्यांना पानाचा आकार लगेच ध्यानात येईल. पानांवर पांढरी लव असते, म्हणून ती चंदेरी दिसतात. उंची साधारण 4 ते 5 मीटर. वसंतात पांढरी फुलं येतात, पण फळ बारीक आणि टणक, खायच्या कामाचं नाही.

अडचण थंडीची आहे. हिवाळ्यात पानं गाळून झोपलेल्या या झाडाला नीट जागं व्हायला 7 अंशांखालचे पुरेसे तास मिळावे लागतात. जतला पहाटे गारठा असतो, पण उन्हं वर आली की पारा चढतो. तास कमी पडले की फांदीवरचे डोळे (पालवीचे कोंब) उशिरा आणि तुरळक फुटतात, मधली फांदी बोडकी राहते. ज्या झाडाची सगळी शोभा भरगच्च लोंबत्या फांद्यांत आहे, त्याचं असं झालं तर उरलं काय? सफरचंदाचा तुमचा मुद्दा रास्त आहे. पण आपल्याकडे चर्चेत आलेली एचआरएमएन-99 ही सफरचंदाची जात हिमाचलातल्या बिलासपूरच्या हरिमन शर्मा यांनी कमी थंडीत येणारी म्हणूनच निवडलेली. नासपातीतही पंजाबातली पत्थरनाख कमी थंडीवर भागवते. म्हणून चंदेरी नासपाती भागवेलच असं नाही. ती जातच वेगळी. शिवाय तुमच्याकडच्या चुनखडीच्या जमिनीत नासपातीला लोह कमी पडू शकतं आणि पानं शिरांच्या मधल्या भागात पिवळी पडतात.

पाचगणीच्या दादांना वाटेल, वेण्णा तलावाकाठी दवसुद्धा गोठतं, मग आमच्याकडे काय हरकत? ती मोजक्या पहाटेची गोष्ट. आणि या झाडाला निचऱ्याची जमीन लागते; तिथल्या पावसाळ्यात मुळाशी पाणी थांबू देऊन चालत नाही. रोपवाटिकेत इथंच वाढून फुललेलं, निदान तीन वर्षांचं झाड दाखवा म्हणा. दाखवलं, तर हौसेखातर एकच घ्या आणि उतारावर, उंचवटा करून, भर उन्हात लावा. नाही दाखवलं तर पैसे घालू नका.

ताई, तुमच्यासाठी माझी शिफारस झुकत्या तुतीची. चंदेरी रंग मिळणार नाही, पण लोंबत्या फांद्यांची हौस पुरी फिटेल, आणि तुती आपल्या हवामानात मुरलेली आहे. पहिला चांगला पाऊस झाल्यावर, वाफसा येताच दीड-दोन फुटांचा खड्डा घेऊन चांगल्या मातीत दोन घमेली कुजलेलं शेणखत मिसळून लावा. बांबूचा आधार पहिल्याच दिवशी द्या.

नासपाती असो की तुती, लोंबतं झाड बहुतेक सरळ खुंटावर (ज्याच्यावर कलम करतात त्या मुळाकडच्या झाडावर) डोक्याच्या उंचीला बांधलेलं कलम असतं. खाली लोंबतो तो वरचा कलमाचा भाग. खुंट सरळ वरच जाणार. मागं एका शेतकऱ्याच्या दारातली तुती बघितली. जोडाच्या वीतभर खाली, खुंटालाच, दोन पाणसोट (जोमानं सरळ वाढणारे धुमारे) फुटून छपराला टेकले होते. घरच्यांना वाटलं, झाडानं जोर धरला. प्रत्यक्षात वरचा लोंबता भाग सावलीत वाळत चालला होता. दोन्ही पाणसोट खोडालगत धारदार कात्रीनं काढले, जखमेला बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावली. पुढच्या पावसाळ्यात फांद्या पुन्हा भरून खाली आल्या. तुम्ही दर पंधरवड्याला खोडावरून हात फिरवा. कोवळा धुमारा बोटानंच मोडतो.