तुर्की विभक्ती शिकताय? आधी क्रम पक्का करा

अरे, सहा विभक्त्यांचा तक्ता पाठ करत बसू नकोस, त्यातून काय बोलता येत नाही. आधी क्रम डोक्यात बसव: नाम, मग अनेकवचन, मग कोणाचं ते, आणि विभक्ती सगळ्यात शेवटी. एव म्हणजे घर, एव-लेर-इम-दे म्हणजे माझ्या घरांमध्ये, बस, सगळं मागे चिकटत जातं. आपण 'घरात' म्हणतो त्यामुळे मागे चिकटवायची सवय आपल्याला आहेच, इंग्रजीवाल्यांपेक्षा सोपं जातं खरं तर.

खरी गोची 'त्याचं/तिचं' मध्ये आहे. एवि म्हणजे त्याचं घर, पण त्याच्या घरात म्हणताना मध्ये 'न' घुसतो, एवि-न-दे, एविदे नाही! आणि एविन्दे म्हणजे 'तुझ्या घरात' पण होतं, संदर्भावरूनच कळतं, टेन्शन नको घेऊस.

दुसरं, 'घराची बाग' म्हणताना आपण फक्त घराला प्रत्यय लावतो, तिथे बागेलाही लागतो: एविन बाहचेसि. बागेत म्हणायचं तर एविन बाहचेसिन्दे, परत तोच 'न'. स्वरांचं जुळणं, म्हणजे प्रत्ययाचा स्वर शब्दातल्या स्वराप्रमाणे बदलणं (एवदे म्हणजे घरात, पण ओकुलदा म्हणजे शाळेत), वेगळं घोकू नको, मोठ्याने वाचलंस की जिभेलाच कळतं.