कपात चहा असू दे

प्रिय मुली,

काल रात्री साडेअकराला तुझा सात मिनिटांचा व्हॉइस नोट आला. पहिली तीन मिनिटं नुसतं मुसमुसणं, आणि मागे कुणीतरी ‘जनरेटर बंद करा रे’ म्हणून ओरडतंय. दोनदा ऐकला. तुला फोन करणार होते, पण तुझी शिफ्ट लांबलेली असणार, आणि फोनवर तू मला बोलू देत नाहीस. म्हणून लिहिते.

तू गुणी आहेस, धीर धर, सगळं छान होईल हे मी लिहिणार नाही. त्यासाठी तुझी आई आहे. तुझी तक्रार अवघी चार शब्दांची आहे: ‘हो आई’ आणि ‘चहा ठेवते’. दीड वर्षं मालिकेतल्या तुझ्या धाकट्या सुनेच्या वाट्याला एवढंच येतंय, बाकी सगळे दुसऱ्याचं ऐकतानाच्या नुसत्या चेहऱ्याचे रिअ‍ॅक्शन शॉट. प्रायोगिक नाटकवाले मित्र ‘विकली गेलीस’ म्हणतात. वेब सिरीजच्या एका ऑडिशनचं काहीतरी घाटतंय. सोडू का, असं विचारतेस.

ते नंतर बघू. आधी मला सांग, परवाच्या एपिसोडमध्ये तू सासूबाईंना चहाचा कप दिलास, तो रिकामा का होता?

मला दिसलं. ट्रेवरून कप उचलताना तुझं मनगट जरासुद्धा खाली गेलं नाही. भरलेला कप असा उचलत नाहीत. सासूबाईंनीही मग हवा प्यायली. सेट मांडणाऱ्या आर्ट डिपार्टमेंटच्या पोराने रिकामे कप ठेवले, तू उचललेस, कॅमेरामन काही बोलला नाही, दिग्दर्शकाला तर चोवीस मिनिटांचं फुटेज संध्याकाळपर्यंत काढायचं होतं. कुणाचीच चूक नाही, असंच सगळे म्हणणार. मी म्हणते, तुझी चूक आहे.

मागे गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा सहा आठवडे पलंगावर होते. यूट्यूबवर भटकत भटकत एका अमेरिकन बाईपाशी पोचले. हेलन वॅगनर. हे नाव तू ऐकलेलं नसणार, मीही ऐकलं नव्हतं. टेक्सासमधल्या लबकची, जन्म १९१८चा. कॉलेजात संगीत आणि नाटक शिकली. २ एप्रिल १९५६ला सीबीएस या तिकडच्या वाहिनीवर ‘अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स’ नावाची मालिका सुरू झाली आणि तिचं पहिलंच वाक्य या बाईच्या तोंडी होतं: ‘गुड मॉर्निंग, डिअर.’ सकाळी नवऱ्याला म्हणायचं वाक्य. तुझ्या ‘चहा ठेवते’पेक्षा त्यात काय मोठं होतं, सांग बरं? त्या नॅन्सी ह्यूजची भूमिका ती मरेपर्यंत, म्हणजे मे २०१०पर्यंत करत होती. वय ९१. मधली काही वर्षं सोडली तर चोपन्न वर्षं तीच बाई, तेच आडनाव. गिनीज बुकात नोंद झाली होती.

तोवर तिकडच्या दुपारच्या मालिका पंधरा मिनिटांच्या असत. अर्ध्या तासाच्या पहिल्या मालिकांपैकी ही एक. लिहिणारी इर्ना फिलिप्स, मालकी प्रॉक्टर अँड गॅम्बलची, म्हणजे साबणवाल्यांची. ‘सोप’ हे नाव त्यावरूनच पडलं, हे तुला कुणीतरी वर्कशॉपमध्ये सांगितलं असेलच. इर्नाबाईंचं म्हणणं असं की अर्धा तास मिळतोय तर लोकांना सावकाश बोलू दे. दोन माणसं स्वयंपाकघरात बसून कॉफी पितायत आणि गावातल्या तिसऱ्याबद्दल बोलतायत, असं चाललंय. आणि हे सगळं थेट प्रक्षेपण, बरं का. १९७५ सालापर्यंत ती मालिका थेटच जात होती. रीटेक नाही, ‘सर, एक सेफ्टी टेक घेऊ या’ नाही. आज दुपारी दीडला जे केलंस ते देशाने बघितलं, उद्या परत दीडला.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते सांगते.

२२ नोव्हेंबर १९६३चा भाग. नॅन्सी सासऱ्यांशी बोलतेय. थँक्सगिव्हिंगचं जेवण जवळ आलंय आणि मुलाने घटस्फोटित बायकोला जेवायला बोलावलंय, त्याचं काय करायचं. आपल्याकडे दिवाळीच्या फराळाला असंच होईल. मी मन लावून बघतेय, आणि १ वाजून ४० मिनिटांनी पडद्यावर एकदम बातमीची पाटी. बातम्या देणाऱ्या वॉल्टर क्रॉन्काइटचा नुसता आवाज: डॅलसमध्ये अध्यक्ष केनेडींच्या ताफ्यावर तीन गोळ्या झाडल्या गेल्या. चेहरा नाही, कारण तेव्हाचे कॅमेरे तापायला वीसेक मिनिटं लागायची आणि बातम्यांच्या खोलीतला कॅमेरा थंड होता. स्टुडिओतल्या त्या दोघांना यातलं काहीच माहीत नव्हतं. देश टीव्हीसमोर गोठलेला, आणि इकडे सूनबाई आणि सासरे जेवणाचं ठरवतायत. बघणारं कुणी नाही. तरी प्रवेश चाललाय.

ही क्लिप मी किती वेळा बघितली असेल याचा हिशेब नाही. केनेडींसाठी नव्हे. पाटी पडण्याआधीचं ते मिनिट बघ. ती सासऱ्यांचं ऐकतेय. आपली ओळ कधी येते याची वाट बघत नाहीये, ऐकतेय. एकदा नीट बघ आणि मग मला ‘रिअ‍ॅक्शन शॉटला काय अभिनय लागतो’ हे तोंड वर करून विचार.

कपात चहा असू दे म्हणते ते हेच.

तुझं उत्तर मला माहीत आहे. म्हणशील, ताई, मेग रायन त्याच मालिकेत होती, ती सोडून गेली आणि कुठल्या कुठे पोचली. हो. मरिसा टोमे होती, तीही गेली. ज्युलियन मूर तर नॅन्सीची नात होती, फ्रॅनी. फ्रॅनी आणि हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी सावत्र बहीण सॅब्रिना, दोन्ही तीच. एकाच दिवशी दोन वेण्या, दोन चाली. त्याबद्दल १९८८ला दुपारच्या मालिकांचं एमी हे बक्षीस घेतलं आणि मग गेली. पुढे ऑस्करच्या यादीत वगैरे आली, आणि एप्रिल २०१०मध्ये, मालिका बंद पडायला आली असताना, पुन्हा फ्रॅनी होऊन येऊन गेली. कुणी बळजबरी केली नव्हती. तर जायचं असेल तर जा ना! मी कुठे अडवतेय? पण रिकामा कप ट्रेमध्ये ठेवून जाऊ नकोस. इथे हवा प्यायची सवय लागली की वेब सिरीजमध्येही हवाच पिशील, फक्त कप महागातला असेल.

सूझन लुचीची गोष्टही कुणीतरी तुला फॉरवर्ड केलीय म्हणालीस. ‘ऑल माय चिल्ड्रन’ मालिकेतली एरिका केन, १९७०पासून २०११पर्यंत. अठरा वेळा एमीचं नामांकन होऊन हात हलवत परत, आणि १९९९ला एकोणिसाव्या वेळी बक्षीस. सभागृह उभं राहून टाळ्या वाजवतंय, सगळे रडतायत. छानच आहे. पण मला ती गोष्ट तेवढी भावत नाही. तिच्यात शेवटी बाहुली मिळते. हेलनबाईंनाही २००४ला जीवनगौरव मिळाला, पण एकटीला नाही, बऱ्याच ज्येष्ठांना एकत्र. आपल्याकडे शाल-श्रीफळ देताना रांग लावतात तसं.

आता माझं. तू कधी विचारलं नाहीस, पण तुला कुणीतरी सांगितलं असणारच.

मीही सोडली होती. डेली सोप नुकत्याच सुरू झालेल्या तेव्हा. थोरली जाऊ होते. पहिलं वर्ष माझ्यावर ट्रॅक होता, म्हणजे कथानक माझ्याभोवती फिरायचं, मग लीप आला, गोष्ट एकदम काही वर्षं पुढे गेली, नवीन पिढी आली, आणि माझ्या तोंडी उरलं ‘अगं, जेवून घ्या गं’. तिसऱ्या वर्षी एका सिनेमाची तोंडी बोलणी झाली आणि मी ताठ मानेने निरोप दिला. प्रॉडक्शनने विचारलं, ताई, तुमचा एखादा फोटो असेल तर पाठवता का? मी मूर्ख, मला वाटलं प्रसिद्धीसाठी हवाय. पोर्टफोलिओतला सगळ्यात चांगला पाठवला, मोरपिशी साडीतला. पुढच्या सोमवारी तो सेटवर भिंतीला लागला, चंदनाचा हार घालून. मालिका आणखी चार वर्षं चालली. जिवंतपणी मी जेवढी दिसले नाही तेवढा तो फोटो दिसला. सणासुदीला माझ्यासमोर उभ्या राहून सगळ्या रडायच्या. सिनेमा झालाच नाही.

मी चुकले असं मात्र मी म्हणणार नाही. मुलगा त्या वर्षी दहावीला होता. पैसे नव्वद दिवसांनी मिळणार असं ठरलेलं, मिळायचे दीडशे दिवसांनी. घोडबंदरला शिफ्ट संपली की रात्री दोनला घरी, सकाळी सातचा कॉल. कुणीही सोडलं असतं. हेलन वॅगनरही गेलीच होती की मालिका सोडून, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला. काही वर्षं बाहेर होती. पण तिला परत बोलावता आलं, तिची नॅन्सी जिवंत होती. मला कोण बोलावणार? माझा तर हार झाला होता.

परत येऊन तिला काय मिळालं, तेही ऐक. पडद्यावरचा नवरा, डॉन मॅक्लॉग्लिन, १९८६ला वारला. मालिकेतही मग तो गेला. तिने दुसरं लग्न केलं, आणि त्या दुसऱ्या नवऱ्याला स्मृतिभ्रंश झाला. सत्तरी ओलांडलेल्या नटीला असं कथानक! हे तिला का मिळालं असेल? तीस वर्षं सकाळची कॉफी नीट ओतली म्हणून. लोकांना तिचं स्वयंपाकघर ठाऊक होतं, तिचे हात ठाऊक होते. नवरा तिला ओळखेनासा झाला तेव्हा बघणाऱ्यांकडे तिच्या हजारो सकाळी जमा होत्या. सिनेमातल्या दोन तासांत एवढी जमा कुठून आणशील? हे मला त्या वेळी कुणी सांगितलं असतं तर... जाऊ दे. सांगितलं होतं. आमच्या मेकअपदादांनी सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही.

डिसेंबर २००९मध्ये मालिका बंद होणार असल्याचं जाहीर झालं. त्यानंतरही बाई कामावर येत राहिल्या. १ मे २०१०ला गेल्या. शेवटचा भाग १७ सप्टेंबरला दाखवला, १३,८५८ भाग झाले होते. शेवटचं वाक्य होतं ‘गुड नाइट’, आणि ते म्हटलं डॉन हेस्टिंग्जने, जो १९६०पासून नॅन्सीच्या मुलाचं, डॉक्टर बॉबचं काम करत होता. आईचं ‘गुड मॉर्निंग’, मुलाचं ‘गुड नाइट’. तो दिवा मालवून निघून जातो आणि टेबलावरचा पृथ्वीचा गोल तेवढा फिरत राहतो. मला एवढं रडू आलं की फिजिओथेरपीवाली मुलगी घाबरली, तिला वाटलं गुडघाच गेला.

तर सोडू का, या तुझ्या प्रश्नाचं उत्तर: मला काय माहीत? तुझं घरभाडं तू भरतेस. त्या ऑडिशनवाल्यांनी लेखी काही दिलंय का ते बघ, तोंडी बोलण्यावर उडी मारू नकोस. ईपीशी, म्हणजे तुमच्या एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसरशी भांडायचं असेल तर गुरुवारी टीआरपी आल्यावर भांड, आकडा चांगला असेल तेव्हा माणसं ऐकतात. आणि त्यांनी फोटो मागितला तर देऊ नकोस. दिलास तर वाईटातला वाईट दे.

पण उद्या नऊचा कॉल आहे ना तुझा? डायनिंग टेबलचा सीन आहे, कॉलशीट मी तुझ्याच व्हॉट्सअ‍ॅपवर बघितली. आर्टमधल्या दादांना सकाळीच फोन केलाय. माझ्या वेळचे आहेत, ओळखतात. सहाच्या सहा कपांत चहा भरून देतो म्हणाले. बिनसाखरेचाच करायला सांगितलाय, दहा रीटेक झाले तर तोंड चिकट होतं. गरम असेल, तेव्हा सासूबाईंना देताना बशीला खालून हात लाव.

तुझी,
ताई