हाताला लागला म्हणजे हँडच का?

प्रश्न : मागच्या रविवारी आमची फुटबॉलची सेमीफायनल होती. पाऊस होऊन गेलेला, ग्राउंडवर नुस्ता काळ्या मातीचा चिखल. आमचा स्टॉपर (मधला डिफेंडर) डीमधे, म्हणजे गोलसमोरच्या पेनल्टीच्या चौकोनात, घसरत गेला, एक हात खाली टेकवलेला, अन् समोरच्यानं दोन-तीन फुटावरून मारलेला बॉल त्याच्या कोपराला लागला. ते पोरं पळत रेफ्रीकडं गेले, हे बघा म्हणे कोपरावर ठसा! झाली पेनल्टी. सेकंड हाफला आमच्या फॉरवर्डच्या दंडाला बॉल चुकून लागला, पायात पडला, त्यानं मारला, तर म्हणे गोल कॅन्सल. दोन्हीकडून आम्हीच मेलो. नेमका नियम काय हाय?
– एक वाचक, परभणी

उत्तर : राग समजतो भाऊ, पण दोन्ही डिसिजन एकाच पोत्यात भरू नका. दुसरा बरोबर होता. पहिला, तुम्ही सांगताय तसंच घडलं असेल तर, माझ्या मते चुकला.

ठशावरून एवढंच कळतं की बॉल लागला. लागला म्हणजे फाउल असं नियमात कुठंच नाही. हात बॉलकडं नेला का, नाहीतर उगंच फाकवून अंग मोठं केलं का, हे बघायचं असतं. आता घसरणारा माणूस हात टेकवणार नाही तर काय तोंडावर पडणार? 2019 च्या नियमात आधाराला टेकवलेल्या हाताला सूट स्पष्ट लिहिलेलीच होती. 2021 ला ते वाक्य काढलं, अन् त्या हालचालीत हात तिथं असणं साहजिक होतं का हे रेफ्रीवर सोडलं. फक्त एक, तो हात अंगाखाली न राहता बाजूला लांब पसरलेला असेल तर रेफ्रीला दोष देता येणार नाही, मग बॉल दोन फुटावरून आला काय अन् दहा फुटावरून आला काय.

गोलचं वेगळं हाय. मारणाऱ्याच्याच हाताला लागून लगेच गोल झाला तर चुकून लागला तरी कॅन्सल. हात कुठून धरायचा, तर काखेच्या खालच्या रेषेपासून, वरचा खांदा चालतो. गंमत म्हणजे तुमच्या फॉरवर्डनं तोच बॉल बाजूच्याला दिला असता अन् त्यानं मारला असता तर 2021 पासून तो गोल टिकतो.

अन् आपल्या रेफ्रीला लई शिव्या घालू नका, त्याचे लाइन्समन म्हणजे राखीव पोरं. 2024 च्या युरो कपात जर्मनीच्या मुसियालाचा शॉट स्पेनच्या कुकुरेयाच्या हाताला लागला, व्हीएआर (व्हिडिओ बघून चूक पकडणारे रेफ्री) असूनपण जर्मनीला पेनल्टी मिळाली नाही, स्पेन 2-1 जिंकलं, त्यावर अजून भांडायलेत लोक.

मला खरं खटकतं ते शिक्षेचं. 2010 च्या वर्ल्ड कपात उरुग्वेच्या सुआरेझनं गोललाइनवर मुद्दाम हातानं बॉल अडवून घानाचा होणारा गोल रोखला, त्याला रेड कार्ड अन् पेनल्टी (ती पण घानानं बारला मारली!), आणि इकडं कुणाचा फाकलेला हात नकळत मधे आला, बॉल कुठं बाहेर चाललेला, तरी पेनल्टीच. 2024 पासून एवढं झालं की नकळत हात लागून गोल अडला तर पेनल्टीसोबत रेड ऐवजी यलो. माझ्या मते बाहेर चाललेल्या बॉलला इनडायरेक्ट फ्री किक (जिच्यावरून थेट गोल करता येत नाही) पुरे.

बाकी, तुमच्या फॉरवर्डच्या दंडावर पण ठसा असणारच की, त्याचं काही लिहिलं नाही तुम्ही.